‘करून राहिलो’ची अवहेलना

मराठी मुलांच्या इंग्रजीत एक चूक इतकी घरची होऊन बसली आहे की, ती दिसली नाही तरच परीक्षकास आश्चर्य वाटावे. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे सांगावयाचे असता विद्यार्थी ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असे लिहितो. ‘मला उत्तर ठाऊक आहे’ याचे ‘आय ॲम नोइंग द आन्सर’ करतो. आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीस गेला म्हणजे ‘आय ॲम बिलाँगिंग टू वर्धा डिस्ट्रिक्ट’ अशी आपली ओळख करून देतो. समोरच्या मंडळींच्या ओठांवर त्या वेळी जे सूक्ष्म स्मित उमटते त्याचा अर्थ त्याला समजत नाही. पण त्या स्मिताची किंमत त्यालाच मोजावी लागते. जेथे इंग्रजांस साधे क्रियापद पुरते, तेथे आमचा विद्यार्थी अपूर्ण काळाचे रूप योजतो, आणि जेथे इंग्रजीला अपूर्ण काळ हवा असतो तेथे पुष्कळदा दुसरेच काही लिहून मोकळा होतो.

या चुकीचे निदान करणारे वैद्य आमच्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांचे निदान ठरलेले आहे. दोष मातृभाषेचा, असे ते सांगतात. मुलाच्या डोक्यात मराठी घोळत असते, ती इंग्रजीत उतरते आणि इंग्रजी बिघडते. सबब मराठी जितकी लवकर विसरावयास लावाल तितके इंग्रजी लवकर सुधारेल. विदर्भातल्या शाळांत या निदानाला आणखी एक पुरवणी जोडली जाते. ती अशी की, येथल्या मुलाची मराठी मुळातच अशुद्ध. ज्याला धड ‘करतो आहे’ म्हणता येत नाही, जो ‘करून राहिलो’ म्हणतो, त्याच्याकडून शुद्ध इंग्रजीची अपेक्षा कसली करता?

आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. ही चूक मातृभाषेने केलेली नसून मातृभाषेच्या नावावर शाळेने केलेली आहे. आणि ‘करून राहिलो’ हे जे रूप शाळेत हसण्यावारी नेले जाते, तेच इंग्रजीतील हा भेद शिकविण्याचे आमच्या हाती असलेले सर्वांत नेमके साधन आहे. ते साधन आपण आपल्या हातांनी मोडून टाकतो आणि मग मुलाच्या हाती काही नाही म्हणून त्यालाच दोष देतो. हे विधान सिद्ध करावयाचे तर प्रथम इंग्रजीतील भेद नेमका काय आहे ते पाहिले पाहिजे.

इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ हा ‘आता’ घडणाऱ्या गोष्टीचा काळ नव्हे. सवय, स्वभाव, धंदा, कायमची स्थिती, वेळापत्रक, या गोष्टी तो सांगतो. सूर्य पूर्वेस उगवतो, माझा भाऊ वकिली करतो, गाडी दहा वाजता सुटते, अशा वाक्यांना इंग्रजीत साधे रूप लागते. उलट जी क्रिया सुरू झाली आहे आणि संपलेली नाही, जिच्या मध्यावर आपण उभे आहो, तिच्यासाठी अपूर्ण रूप. त्यातही एक अट आहे. क्रियेला आरंभ, मध्य आणि शेवट असला पाहिजे; ती चालते आहे असे म्हणता आले पाहिजे. ‘ठाऊक असणे’, ‘मालकीचे असणे’, ‘अमक्या गावचा असणे’ या चालणाऱ्या क्रिया नव्हेत, त्या नुसत्या स्थिती आहेत. म्हणून तेथे अपूर्ण रूप बसत नाही. मात्र तेच ‘हॅव’ हे क्रियापद ‘जेवणे’ या अर्थी आले की ते चालणारे होते, आणि मग ‘आय ॲम हॅविंग माय लंच’ हे निर्दोष इंग्रजी ठरते. तेव्हा क्रियापदांची यादी पाठ करून हा प्रश्न सुटत नाही. अर्थाकडे पाहावे लागते.

हा भेद इंग्रजीत अनादि काळापासून होता असेही नाही. शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात, म्हणजे 1600 च्या सुमारास, पोलोनियस हा म्हातारा पुस्तकात डोके खुपसून बसलेल्या राजपुत्राला काय वाचता म्हणून विचारतो, तो साध्या वर्तमानकाळात. आजच्या इंग्रजाने तसे विचारले तर त्याचा अर्थ ‘तुम्ही एरवी काय वाचत असता’ असा होईल. ज्या रूपावाचून आज इंग्रजीचे पान हलत नाही, ते रूप तेथे हळूहळू रुळले आहे. इतकेच नव्हे, तर त्याची वाढ होत असताना त्याला तेथल्या शुद्धिवाद्यांनी कडाडून विरोधही केला. घर ‘बांधले जात आहे’ या अर्थाची आजची सर्वमान्य इंग्रजी रचना एकोणिसाव्या शतकात नवी होती. रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकन टीकाकाराने 1870 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘वर्ड्स अँड देअर यूझेस’ या पुस्तकात ती रचना ओबडधोबड आणि तर्कदुष्ट ठरविण्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले. आज व्हाइटचे नाव पंडितांखेरीज कोणास ठाऊक नाही, आणि ती रचना पाठ्यपुस्तकांत मानाने बसली आहे. ही गोष्ट आमच्या शुद्धिवाद्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे तिचे काम पडेल.

आता मराठीकडे वळू. ‘तो करतो’, ‘तो करीत आहे’ आणि ‘त्याने केले आहे’ अशी तीन रूपे मराठीत आहेत, म्हणून ती इंग्रजीतील तीन रूपांशी जुळतात असा समज आमच्या शालेय व्याकरणात फार पूर्वी शिरला. मराठीचे आधुनिक व्याकरणच मुळी इंग्रजी व्याकरणाच्या सावलीत वाढले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 सालचे. मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा प्रचंड ग्रंथ 1911 सालचा. या थोर पुरुषांच्या परिश्रमांविषयी आम्हांस आदरच आहे. आणि दामल्यांनी तर एकेका रूपाचे किती निरनिराळे अर्थ होतात याची कसून छाननी केली आहे. पण ग्रंथातील छाननी ग्रंथातच राहिली आणि शाळेत उतरला तो केवळ कोठा. साधा काळ म्हणजे हा, अपूर्ण म्हणजे तो, पूर्ण म्हणजे पलीकडचा. डाव्या बाजूस मराठी, उजव्या बाजूस इंग्रजी, मध्ये बरोबरीचे चिन्ह. भाषांतरमालांच्या द्वारे हे चिन्ह पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या डोक्यावर कोरले गेले.

ते चिन्ह खोटे आहे. ‘तो खुर्चीवर बसला आहे’ हे मराठीत पूर्ण वर्तमानाचे रूप. इंग्रजीत मात्र तेथे अपूर्ण रूप येते. ‘ती हिरवे लुगडे नेसली आहे’, ‘बाळ निजले आहे’, ही वाक्येही तशीच. बसण्याची क्रिया पुरी होऊन तिचे फळ टिकून आहे असे मराठी पाहते. बसलेपण चालू आहे असे इंग्रजी पाहते. दोन्ही दृष्टी आपापल्या ठिकाणी योग्य आहेत. परंतु बरोबरीच्या चिन्हावर विसंबलेला मुलगा येथे ‘ही हॅज सॅट’ असे लिहितो आणि गुण गमावतो. दुसरीकडे ‘आहे’ म्हणजे ‘इज’ आणि ‘इज’च्या पाठोपाठ ‘इंग’ हा जप त्याच्याकडून इतका करवून घेतलेला असतो की, ‘ठाऊक आहे’, ‘भाऊ आहेत’, या वाक्यांत ‘आहे’ दिसताच त्याची लेखणी आपोआप ‘नोइंग’ आणि ‘हॅविंग’कडे वळते. मराठीत ‘मला दोन भाऊ असत आहेत’ असे कोणी म्हणते काय? ‘मला उत्तर ठाऊक असत आहे’ असे एखादे तरी मूल बोलते काय? मग ही चूक मराठीची कशी? मराठीने या ठिकाणी इंग्रजीप्रमाणेच स्थिती आणि क्रिया यांची फारकत केलेली आहे. ती फारकत पुसून टाकली बरोबरीच्या चिन्हाने.

याला आणखी एक पुरावा आहे. ‘आय ॲम नोइंग’ ही चूक केवळ मराठी मुले करीत नाहीत. हिंदी, बंगाली, गुजराती आणि तामिळ मुलेही ती करतात. आर्यकुळातील आणि द्राविडकुळातील, एकमेकींहून इतक्या भिन्न अशा भाषा बोलणारी मुले जर एकच चूक करीत असतील, तर तिचे कारण त्या त्या मातृभाषेत शोधणे हे गावातील सर्व घरांना एकाच रात्री आग लागली असता प्रत्येक घरच्या चुलीस वेगवेगळा दोष देण्यासारखे आहे. त्या सर्व मुलांत समान अशी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे इंग्रजी शिकविण्याची देशभर चाललेली एकछापी रीत.

आता ज्या मुलाविषयी आम्हांस विशेष लिहावयाचे आहे त्याच्याकडे येतो. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यात रोहणा नावाचे गाव आहे. पुलगाव आणि आर्वी यांच्यामधला हा मुलूख कपाशीचा. एके काळी याच भागातून अरुंद रुळांची छोटी आगगाडी धावत असे, ती आता बंद पडली आहे. पश्चिमेस वर्धा नदी, आणि नदीपलीकडे अमरावती जिल्हा, म्हणजे जुने वऱ्हाड. ग्रिअर्सनसाहेबांनी भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीविषयीचा खंड 1905 साली प्रसिद्ध केला, त्यात या बाजूच्या बोलींना वऱ्हाडी आणि नागपुरी अशी दोन नावे दिली आहेत. नावे दोन असली तरी नदीच्या दोन्ही तीरांवरील माणसे एकमेकांचे बोलणे विनासायास समजतात, आणि ज्या रूपाविषयी आम्ही लिहीत आहो ते दोन्ही तीरांवर सारखेच नांदते.

रोहण्याच्या मुलाला विचारा, ‘तुहा बाप काय करते?’ तो सांगेल, ‘वावर वाहते.’ हा धंदा झाला. आता विचारा, ‘तुहा बाप काय करून राहिला?’ तो सांगेल, ‘कापूस वेचून राहिला.’ ही या घटकेची क्रिया झाली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यास आणि दुसऱ्याचे पहिल्यास तो चुकूनही देणार नाही. पुण्यामुंबईच्या मराठीत ‘तू काय करतोस?’ या एकाच प्रश्नाला ‘वकिली करतो’ असेही उत्तर येते आणि ‘पत्र लिहितो आहे’ असेही येते. संदर्भावरून ओळखावे लागते. रोहण्यात प्रश्नच दोन आहेत. इंग्रजीतही दोनच आहेत. भूतकाळातही हीच व्यवस्था. ‘मी आलो तवा ते पोयी लाटून राहिली होती’ या वाक्यात लाटणे सुरू होते आणि मध्येच कोणी आले, ही गोष्ट इंग्रजीत जशी दोन रूपांनी सांगतात तशीच येथेही दोन रूपांनी सांगितली आहे.

आता स्थितिवाचक क्रियापदांची परीक्षा पाहू. ‘माह्यापाशी दोन बैल आहेत’ असे तो म्हणतो. ‘दोन बैल असून राहिले’ असे कधी म्हणत नाही. ‘मले माहीत आहे’ म्हणतो. ‘माहीत असून राहिलं’ म्हणत नाही. ‘मी रोहण्याचा आहो’ म्हणतो. परंतु ताटावर बसला असता कोणी हाक मारली तर ‘जेवून राहिलो’ असे ओरडून सांगतो. ‘हॅव’ या एका क्रियापदाचे जे दोन अर्थ इंग्रजी शिक्षकास फळ्यावर आठवडाभर घासूनही समजावता येत नाहीत, ते या मुलाने पाळण्यातच वेगळे करून ठेवले आहेत. ज्याच्या तोंडी ‘बैल आहेत’ आणि ‘जेवून राहिलो’ हा भेद इतका चोख आहे, त्याला ‘आय हॅव टू बुलक्स’ आणि ‘आय ॲम हॅविंग माय लंच’ यांतला भेद समजावयास कितीसा वेळ लागावा? पण त्याला तसे कोणी सांगतच नाही. उलट त्याने वर्गात ‘जेवून राहिलो’ म्हटले की, ‘जेवून कुठे राहिलास? मुक्कामाला काय?’ असा विनोद होतो, वर्ग हसतो, आणि मूल त्या दिवसापासून गप्प राहावयास शिकते.

सर्व ठिकाणी वऱ्हाडी आणि इंग्रजी जुळतात असा आमचा दावा नाही. तसा दावा करणे म्हणजे एक खोटे बरोबरीचे चिन्ह काढून दुसरे लावण्यासारखे होईल. ‘मले दिसून राहिलं’, ‘तुले समजून राहिलं का?’, ‘मले असं वाटून राहिलं’ असे प्रयोग या बोलीत सर्रास आहेत. आणि इंग्रजीत पाहणे, समजणे ही क्रियापदे या अर्थी बहुधा साध्या रूपात येतात. ‘बसून राहिला’ याचा अर्थ ‘बसूनच होता, हलला नाही’ असाही होऊ शकतो. या ठिकाणी फरक सांगावा लागेल. पण असे फरक थोडे आहेत, मोजता येण्यासारखे आहेत, आणि शिक्षकाचा वेळ खर्च व्हावयाचा तर तो येथे व्हावा. नऊ घरे मुलाची मुलाजवळ तयार असताना दहाव्यासाठी ती नऊही पाडून पुन्हा पाया खणणे हे कोणते शिक्षणशास्त्र?

आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप येतात त्यांचा आता परामर्श घेतो. पहिला आक्षेप असा की, हे रूप मुळी मराठीचे नव्हेच. हिंदीच्या ‘कर रहा है’ची ती नक्कल आहे. हिंदीशी त्याचे नाते उघड आहे, आणि ज्या मुलखात शतकानुशतके मराठी आणि हिंदी एकाच बाजारात बसल्या तेथे ते नसते तरच नवल. पण नुसती नक्कल असती तर ‘कर राहिला’ असे रूप झाले असते. वऱ्हाडी माणसाने ‘ऊन’ हा अस्सल मराठी प्रत्यय लावून ‘करून राहिला’ असे केले. त्याने पाहुण्याला आपल्या घरचे धोतर नेसविले आणि पंगतीला बसविले. मराठीत फारसी, कानडी, पोर्तुगीज आणि इंग्रजी शब्दांची केवढी मोठी पंगत बसलेली आहे! ‘टेबल’ आणि ‘पेन’ यांस शुद्ध मराठीच्या घरात मुक्तद्वार, आणि ‘करून राहिला’ यास मात्र उंबऱ्याबाहेर उभे करावयाचे, हा न्याय आम्हांस समजत नाही.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा. प्रमाण मराठीत हे रूप नाही, म्हणून ते अशुद्ध. येथे ‘प्रमाण’ आणि ‘शुद्ध’ या दोन शब्दांची गल्लत आहे. प्रमाण भाषा ही सोयीची गोष्ट आहे. सर्वांनी एका रूपात लिहावे म्हणजे सर्वांस वाचता यावे, एवढाच तिचा हेतू. त्या सोयीस आमचा विरोध नाही. रोहण्याच्या मुलानेही लिहिताना ‘करीत आहे’ लिहावयास शिकले पाहिजे हे आम्हांस मान्य आहे. परंतु सोयीसाठी एक रूप निवडले म्हणून बाकीची रूपे अपवित्र होत नाहीत. ज्या मुलखाच्या तोंडाला अशुद्ध म्हणतात त्याच मुलखात, नदीपलीकडे रिद्धपूर येथे, महानुभावांचे पीठ होते. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ जो ‘लीळाचरित्र’, तो तेराव्या शतकात याच परिसरात आकारास आला. 2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही ज्या जुन्या ग्रंथांची नावे अभिमानाने घेतली त्यांत हा ग्रंथ अग्रभागी होता. आजोबांच्या पोथीवर हक्क सांगावयाचा आणि नातवाच्या बोलण्यास हसावयाचे, ही रसिकता नव्हे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ या 1960 सालच्या कादंबरीत माणसे वऱ्हाडीत बोलतात, म्हणून तिची गणना मराठीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत होण्यास अडचण आली नाही. कादंबरीत जे कौतुकास पात्र, ते वर्गात हास्यास पात्र कसे? आणि ज्यांस अजूनही नवे रूप म्हणजे भ्रष्ट रूप असे वाटते, त्यांनी वर सांगितलेल्या व्हाइटच्या प्रकरणाचे काय झाले ते आठवावे.

काही संस्कृतज्ञ असे म्हणतील की, असा सूक्ष्म भेद करण्याची भारतीय भाषांस गरजच नव्हती. पाणिनीने वर्तमानास एकच लकार दिला. लकार एक हे खरे. पण भेद आमच्या वैयाकरणांच्या नजरेतून सुटला होता असे मात्र नाही. पाणिनीच्या वर्तमानकाळाच्या सूत्रावर महाभाष्यात जी चर्चा आहे तिचा विषयच हा आहे की, आरंभिलेली आणि न संपलेली क्रिया मध्ये खंड पडला तरी वर्तमानच म्हणावी की नाही. पुष्यमित्राच्या यज्ञाचे प्रसिद्ध उदाहरण तेथलेच. ऋत्विज जेवावयास उठला म्हणून यज्ञ थांबला असे होत नाही. इंग्रज मनुष्य रविवारी स्वस्थ बसलेला असतानाही ‘मी घर बांधतो आहे’ असे अपूर्ण रूपात म्हणतो त्यातील मर्म हेच. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या प्रश्नाची इतक्या बारकाईने चर्चा झाली, तो प्रश्न आजच्या मुलाच्या गळी ‘आहे म्हणजे इज’ या तीन शब्दांत उतरविण्यात येतो.

तिसरा पक्ष या सर्वांहून निराळा आणि अधिक गोड बोलणारा आहे. तो म्हणतो, ‘आय ॲम नोइंग’ यात वावगे ते काय? भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र भाषा झाली आहे. तिचे नियम तीच ठरवील. इंग्रज-अमेरिकन लोकदेखील हल्ली ‘आवडणे’ यासारख्या क्रियापदास अपूर्ण रूप लावू लागले आहेत. एका अमेरिकन उपाहारगृहाने 2003 सालापासून तसली जाहिरात जगभर केली आहे. यात तथ्याचा अंश नाही असे नाही. भाषा बदलतात, आणि उद्या कदाचित ‘नोइंग’ही चालेल. परंतु हा उदार उपदेश करणारे गृहस्थ स्वतः तसे लिहितात काय? आपल्या मुलास तसे लिहू देतात काय? निसिम एझिकेल हे मुंबईच्या बेने इस्रायल समाजातील मोठे इंग्रजी कवी. त्यांनी ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ या कवितेत अपूर्ण काळाच्या याच हव्यासाचे असे हुबेहूब चित्र काढले की, ती कविता वर्गावर्गांत हशा पिकविते. हसणारे कोण आणि ज्याला हसतात तो कोण, याचा विचार केला म्हणजे या उदारपणाची किंमत कळते. मुलाखत घेणारा, नेमणूक करणारा, उत्तरपत्रिका तपासणारा जोपर्यंत उदार झालेला नाही, तोपर्यंत शिक्षकाने दाखविलेला उदारपणा हा विद्यार्थ्याच्या खिशातून केलेला दानधर्म होय.

ही सर्व चर्चा केवळ व्याकरणाची असती तर आम्ही इतका कागद खर्च केला नसता. 2000 सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी आली. म्हणजे रोहण्याचे सहा वर्षांचे मूल आता एकाच वेळी दोन परक्या भाषांस सामोरे जाते. एक इंग्रजी, आणि दुसरी पुस्तकातील मराठी. इंग्रजी त्याला त्या पुस्तकी मराठीतून शिकवितात. ज्या भाषेत ते खरोखर विचार करते, तिला वर्गात प्रवेशच नाही. शहरातील मुलाला एक पायरी चढावयाची असते, याला दोन; आणि याची स्वतःची पायरी जी भक्कम दगडाची आहे ती आधी उपटून टाकलेली. मग दहावीत इंग्रजीचा विषय डोईजड झाला की, खेड्यातल्या मुलांना इंग्रजी जमतच नाही असा निष्कर्ष काढावयास आम्ही मोकळे!

आणि हे घडते कोणत्या जिल्ह्यात? ज्या वर्ध्यास 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि शिक्षण मातृभाषेतून द्यावे असा ठराव झाला, त्याच जिल्ह्यात. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्यावरून जी योजना आखली ती वर्धा योजना म्हणूनच देशास माहीत आहे. मातृभाषा म्हणजे मातेची भाषा. रोहण्याची माता ‘करून राहिली’ असे म्हणते. तिच्या तोंडातील शब्द शाळेत अपराध ठरत असेल, तर मातृभाषेचा तो ठराव वर्ध्यातच पुरता अमलात यावयाचा राहिला आहे असे म्हणावे लागेल.

उपाय खर्चाचे नाहीत. समित्या नकोत, नवी पुस्तके नकोत. इंग्रजीच्या शिक्षकाने अपूर्ण काळ शिकविण्याच्या दिवशी फळ्यावर ‘आहे’ लिहू नये. ‘करते’ आणि ‘करून राहिला’ हे दोन शब्द लिहावे, आणि मुलांकडून त्यांच्याच घरची वीस वाक्ये सांगवून घ्यावी. ‘बैल आहेत’ आणि ‘जेवून राहिलो’ यांतला फरक मुलांनाच विचारावा. ती तो उदाहरणांनी सांगतील. मग ‘दिसून राहिलं’, ‘समजून राहिलं’ यांपाशी थांबून, येथे इंग्रजीचा मार्ग वेगळा आहे हे स्पष्ट करावे. शेवटी ‘बसला आहे’, ‘नेसली आहे’ यांसारख्या वाक्यांची एक लहान यादी देऊन, येथे मराठीची नजर फळावर आणि इंग्रजीची चालू स्थितीवर आहे, एवढे सांगावे. मराठीच्या शिक्षकाने ‘करून राहिलो’ला चूक म्हणण्याऐवजी ‘आपण बोलताना असे म्हणतो, लिहिताना तसे लिहितो’ असे म्हणावे. एवढ्याने मुलाची लाज जाईल, आणि लाज गेल्यावाचून कोणतीही भाषा तोंडात रुजत नाही.

हे करावयास शिक्षक वऱ्हाडीच असला पाहिजे असेही नाही. मात्र त्याने मुलांचे बोलणे कान देऊन ऐकले पाहिजे. विदर्भातील पुष्कळ शिक्षक तर स्वतः घरी हीच बोली बोलतात. वर्गाच्या दारात पायताणाबरोबर ते ती काढून ठेवतात आणि शाळा सुटल्यावर पुन्हा पायात घालतात. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, इंग्रजीच्या तासाला तरी त्यांनी ती आत आणावी.